दुसऱ्याच्या हातचं काडतूस

मी पितळेची एक पुंगळी बोलतेय. काडतूस म्हणजे चौघांचा संसार. पुढे शिशाची गोळी, पोटात दारू, बुडाला ठिणगी देणारी टोपी आणि या तिघांना सांभाळणारी मी. पिस्तूल उडालं की गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी फुटते. मागे उरते ती मी, काळवंडलेली आणि थोडी फुगलेली, पण शाबूत. म्हणून आमची हकीकत सांगायचा हक्क माझाच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. नाण्याएवढ्या चकतीला दाबून आणि ओढून त्यांनी माझी अंगठ्याच्या पेराएवढी नळी केली. पहिल्यांदा मला कुणी उडवलं, त्याचं नावही मला ठाऊक नाही. काळा चष्मा लावलेला कुणी गडी होता. दहा मिनिटांत त्याने पन्नास काडतुसं संपवली, कागदावर भोकं कुठे पडली ते पाहिलंसुद्धा नाही, आणि आम्हा पन्नासजणींना गवतात टाकून गाडीत बसला. तो हिवाळा मी बर्फाखाली काढला. वाटलं होतं, संपलं आपलं.

पण नेमबाजीच्या रेंजवर उडवून जाणारे असतात, तसे वेचून नेणारेही असतात. बर्फ वितळल्यावर व्हर्लिन स्टॉफर आला. हातात कॉफीचा रिकामा डबा, पाठीतून वाकलेला, एकेक पुंगळी उचलून उजेडाकडे धरून बघत होता. मला त्याने बोटांत फिरवलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "तू अजून चालशील."

ओहायोतल्या आमच्या गावात व्हर्लिनने एकोणचाळीस वर्षं लेथ चालवला. निवृत्त झाला तरी मोजमापाची खोड गेली नाही. घराच्या तळघरात त्याचं बाक होतं. त्यावर हाताने दाबायचं यंत्र, दारू तोलायचा एक जुना काटा आणि पन्नास भोकांचा लाकडी पाट. तिथे त्याने आधी आम्हाला अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवलं. रात्रभर घोळून मी अशी लखलखीत झाले की माझी मलाच लाज वाटली. मग साच्यातून ओढून माझं फुगलेलं अंग मूळ मापावर आणलं, बुडाला नवी टोपी बसवली, तोंड जरासं उमलवलं, मोजून दारू घातली, वर गोळी बसवली आणि तोंड हलकेच आवळलं. मी पुन्हा काडतूस झाले. दुसरा जन्म म्हणतात तो हाच असावा.

ही माणसं घरी काडतुसं का भरतात, असं तुम्हाला वाटेल. दुकानात मिळतात की! पण दुकानातलं काडतूस सगळ्यांसाठी असतं. व्हर्लिनला त्याच्या एका पिस्तुलासाठी, त्याच्या एका हातासाठी हवं होतं. पन्नास यार्डांवरच्या कागदावर, एका हातात पिस्तूल धरून, दहा गोळ्यांच्या भोकांचा झुबका जेवढा आवळता येईल तेवढा आवळायचा, हाच त्याचा देव. झुबका पसरला तर कारण शोधायचं. त्यासाठी बाकावर हिरवी वही आणि भिंतीवर त्याच्याच हातची पाटी असे: "एका वेळी एकच गोष्ट बदला." दारू बदलली तर गोळी तीच ठेवायची. गोळी बदलली तर दारूला हात लावायचा नाही. नाहीतर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

दर बुधवारी तो मडी क्रीकच्या क्लबवर जाई. शेजारच्या जागेवर गस पालिंकाश असे. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला अगडबंब माणूस, तोंड अखंड चालू. एकतीस वर्षं दोघे शेजारी उभे राहिले. सँडविच वाटून खाल्लं, एकमेकांची गाडी ढकलली, एकमेकांच्या घरची मयतं केली. पण एकमेकांचं काडतूस कधी घेतलं नाही. या माणसांची ती रीतच आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. भरणाऱ्याचा हात चुकला तर बोटं उडवणाऱ्याची जातात. एकदा गस आपला डबा घरी विसरला. शेजारी व्हर्लिनचा भरलेला डबा उघडा होता. तरी गस पाऊण तास गाडी हाकत घरी गेला आणि आपला डबा घेऊन आला. व्हर्लिनने "घे ना माझी" असं म्हटलं नाही आणि गसला त्याचं काही वाटलं नाही.

मग एका सप्टेंबरात झुबका पसरायला लागला.

आधी व्हर्लिनने गोळ्यांना दोष दिला. नव्या गोळ्या आणल्या. फरक नाही. मग गोळी केसभर आत बसवून पाहिली, मग केसभर बाहेर. मग माझं तोंड जास्त आवळलं, मग कमी. प्रत्येक बदलाला पन्नास काडतुसं, प्रत्येक पन्नासांना वहीत एक पान. त्या हिवाळ्यात मी अकरा वेळा भरले गेले आणि अकरा वेळा उडाले. दर बुधवारी संध्याकाळी तो कागद बाकावर पसरून भिंगातून भोकं बघे आणि पुटपुटे, "टोप्यांचा माल खराब आला असेल."

मला आतून कळत होतं. आम्ही सगळ्या सारख्याच उडत होतो. पिस्तुलाच्या पोटात होते तेव्हा मला त्याची मूठ जाणवायची. ती हलत होती. पूर्वी हलत नव्हती.

क्लबच्या फडताळात एक लोखंडी पकड आहे. पिस्तूल तिच्यात घट्ट बसवायचं, पकड बाकाला आवळायची आणि दुरून खटका ओढायचा. माणसाचा हात मध्ये येतच नाही. झुबका आवळला गेला तर काडतूस निर्दोष, पसरला तर काडतुसात खोट. एका दुपारात निकाल. व्हर्लिनला हे गसपेक्षा चांगलं माहीत होतं. तरी गसने विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

"पकड काढू का रे?"

"आज नको."

"हिवाळाभर तुझं आज नकोच चाललंय. लेका, ती पकड काय चावते तुला?"

"आधी दारू बदलून बघतो."

"बदल, बदल. दारू संपली की पिस्तूल बदल, पिस्तूल झालं की क्लब बदल. शेवटी मला बदल."

यावर व्हर्लिन हसला नाही.

मार्चमध्ये त्याने एक मोठी चूक केली. नवी दारू आणली होती, आणि नव्या गोळ्याही. त्याच्या पाटीखाली बसून त्याने एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. माझ्या शेजारणीच्या पोटात दारू ओतताना हात थरथरला, दारू बाकावर सांडली. तो चिडला. पाट बाजूला सरकवला, कुंचल्याने दारू गोळा केली, आणि पुन्हा बसताना मला उचलून भरलेल्यांच्या रांगेत ठेवलं. माझं पोट रिकामं होतं. गोळी बसवण्याआधी दिवा धरून पन्नास जणींच्या पोटात डोकावायचं, हा त्याचा इतक्या वर्षांचा नेम. त्या दिवशी त्याने दिवा लावलाच नाही. माझ्यावर गोळी बसली, तोंड आवळलं गेलं, आणि मी इतरांसारखीच दिसू लागले. ओरडावंसं वाटत होतं. पण पितळेला तोंड असलं तरी वाचा नसते.

बुधवारी मी पिस्तुलात तिसरी होते. दहा सेकंदांत पाच गोळ्यांची फेरी होती. गस मागे घड्याळ धरून उभा होता. पहिली उडाली, दुसरी उडाली. माझी पाळी आली. टोपी फुटली आणि फुस्स झालं. एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत बोटभर सरकली आणि तिथेच अडकली. पिस्तूल मागे हटलं नाही. मी आतच राहिले. व्हर्लिनला वाटलं, काहीतरी अडलं. सवयीने त्याने वरचा पोलादी भाग मागे ओढला. मी बाहेर बाकावर पडले आणि माझ्या जागी चौथी गेली. चौथीच्या पोटात दारू होती. पुढे नळी बंद होती.

"थांब! बोट काढ! व्हर्न, बोट काढ!"

एवढ्या मोठ्या देहातून एवढा मोठा आवाज येणारच. व्हर्लिनने बोट काढलं. पिस्तूल खाली ठेवलं. गसने घड्याळ बाकावर टाकलं आणि तो गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला, शर्यत धावून आल्यासारखा.

"आवाज ऐकला नाहीस?"

"ऐकला," व्हर्लिन म्हणाला. "वाटलं, अडकलं."

"नळी फाटली असती. तुझी बोटं गेली असती आणि माझा जीव गेला असता, इथे उभ्या उभ्या."

व्हर्लिनने पिस्तूल रिकामं केलं, खोललं. पितळी सळई आणि हातोडीने नळीतली गोळी ठोकून काढली. खरं म्हणजे गसने ठोकली. व्हर्लिनची सळई नळीच्या तोंडाला लागत नव्हती. मग व्हर्लिनने मला उचललं, नाकाशी धरून हुंगलं. माझ्यात जळालेल्या दारूचा वास नव्हता. त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, "पकड काढ."

पिशवीत मागच्या वर्षीचा एक जुना डबा होता, झुबका पसरायच्या आधीचा. पिस्तूल पकडीत बसवलं आणि त्यातली दहा उडवली. गस कागद घेऊन आला. त्याने कॉफीचा कप कागदावर पालथा ठेवला. दहाच्या दहा भोकं कपाखाली झाकली गेली.

"माल चांगला आहे," व्हर्लिन म्हणाला.

"हो."

"पहिल्यापासून चांगला होता."

"हो रे."

"म्हणजे मीच..."

"म्हणजे तू एकाहत्तर वर्षांचा आहेस, एवढंच," गस म्हणाला. "सँडविच खा."

घरी येऊन त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभं ठेवलं. समोर आर्डिस, त्याची बायको, वाटाणे सोलत होती. ती गावातल्या औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं होती. चिठ्ठी वाचून औषधं मोजून देणारी. बोलायला फटकळ, हाताने मात्र शांत.

"ही रिकामी गेली," व्हर्लिन म्हणाला. "मी भरली होती." आणि त्याने सगळं सांगितलं. मग म्हणाला, "विकून टाकतो सगळं. यंत्र, काटा, सगळं."

"आणि बुधवारी काय करणार? माझ्या मागे मागे घरात फिरणार? मला नाही झेपायचं ते."

"हात थरथरतोय, आर्डिस."

"मला काय आज कळतंय? सप्टेंबरपासून तुझा कप अर्धाच भरतेय मी."

व्हर्लिनने समोरच्या कपाकडे पाहिलं. खरंच, अर्धा होता. सहा महिने तो त्याच कपातून पीत होता आणि त्याला ते दिसलं नव्हतं. त्याने कप उचलला आणि तसाच पुन्हा खाली ठेवला. मला त्याची दया आली. मी आतून पोकळ असले तरी मला दया येते.

"मी भरते तुझी काडतुसं," आर्डिस म्हणाली.

"तसं चालत नाही. दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं नसतं. एकतीस वर्षांत गसचं घेतलं नाही मी."

"गस आणि मी एकच का? एकेचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवतोस. कधी काट्यावर घालून बघितलंस?"

"जेवणाने बोटं उडत नाहीत."

"आज रिकामी पुंगळी घेऊन तू आलायस, मी नाही." बोलून गेली आणि तिलाच ते लागलं. तिने शेंगांचं भांडं बाजूला सारलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला. तिच्या हाताखालीही तो हलतच होता. "डॉक्टरकडे जाऊ आधी," ती म्हणाली. "मग बघू."

डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, औषधाने थोडा उणावेल, पण जाणार नाही. आठवडाभर व्हर्लिन तळघरात उतरला नाही. आठव्या दिवशी उतरला तेव्हा मागे आर्डिस होती.

तो स्टुलावर बसला, हात मांड्यांखाली दाबून. ती बाकाशी उभी. "साचा फार जोराने ओढू नकोस... हां... जाणवतंय? तिथे थांब." तिला जाणवत होतं. काट्याची सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायचं तिला शिकवावं लागलं नाही. दिवा धरून ती पन्नास जणींच्या पोटात एकदा डोकावली, मग पाट फिरवून पुन्हा एकदा. व्हर्लिन म्हणाला, एकदा पुरे. ती म्हणाली, दुकानात दोनदाच बघायची पद्धत होती.

तरी त्याच्या मनातून जाईना. आता दर मंगळवारी ती डबा भरायची. पहिल्याच मंगळवारी ती वर गेल्यावर त्याने तिच्या डब्यातली तीन काडतुसं खोलली, दारू काट्यावर घातली. तिन्ही सारखी. पुढच्या मंगळवारी पुन्हा तीन. तिसऱ्या मंगळवारी आर्डिसला ताटलीत सुट्या पडलेल्या गोळ्या दिसल्या. रात्री जेवायला बसल्यावर तिने पिठाचा काटा आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"मोज आधी. मग खा."

व्हर्लिन इतका हसला की त्याला ठसका लागला. पण मंगळवारची तीन काही थांबली नाहीत. आर्डिस तीन काडतुसं जास्तीची भरायची आणि त्याच्या नकळत डबा पुन्हा पन्नासांचा करायची. हे तिला लागत होतं हे मला दिसत होतं. पाटावर मला ठेवताना ती कधीकधी थांबायची, तळघराच्या जिन्याकडे बघायची, मग पुन्हा कामाला लागायची. तिची चूक काढावी म्हणून तो खोलत नव्हता. ज्याच्या हाताने एकदा घात केला त्याला कुठल्याच हाताचा भरवसा राहत नाही. पण हे त्याने तिला कधी सांगितलं नाही, आणि मी सांगू शकत नव्हते.

मेमध्ये तो पोलिसांसारखा दोन हातांनी पिस्तूल धरायला लागला. गसने चिडवलं, "बघा, बघा, पोलीस आले!" पण पंचवीस यार्डांवर झुबका परत आला. पूर्वीसारखा नाही, तरी ताटलीएवढा. कागद बघून गस म्हणाला, "कोणी भरली ही?"

"आर्डिसने."

गसने शिटी वाजवली. "मी तर माझ्या बायकोने भरलेलं लायटरसुद्धा पेटवत नाही." मग हळूच म्हणाला, "नशीबवान आहेस रे म्हाताऱ्या."

माझी गोष्ट आता संपत आली. जूनमध्ये उडाले तेव्हा तोंडाशी मला एक चीर पडली. केसाएवढी, डोळ्याला दिसणार नाही अशी. आर्डिस पुंगळ्या ओंजळीत घेऊन खुळखुळवते. चिरलेली असली की आवाज बद्द येतो. तिने मला लगेच ओळखलं. किती वेळा भरले गेले मोजलं नाही, पण तिशी ओलांडली असेन. पितळ दमतं. चिरलेली पुंगळी चुकून पुन्हा पाटावर जाऊ नये म्हणून तिने पक्कडीने माझं तोंड चेपलं आणि मला बाकाखालच्या बादलीत टाकलं. बरं केलं. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. दया येऊन माझ्यासारखीला सरळ करायला जाऊ नका. चेपूनच टाका आणि वितळवा. त्यातच तुमच्या बोटांचं भलं आहे.

बादलीतून बाक नीट दिसत नाही, पण जिना दिसतो. काल मंगळवार होता. आर्डिसने डबा भरून बाकावर ठेवला आणि वर गेली. मी वाट बघत होते, आता व्हर्लिन येईल, काटा पुसेल, तीन खोलेल. तो आला नाही. आज सकाळी जिन्यावरून दोघांची पावलं वाजली. व्हर्लिनने डबा उचलला आणि तसाच पिशवीत घातला. आर्डिस पायरीवरच थांबली.

"काल खाली आला नाहीस तू."

"नाही आलो."

"मग मोजली नाहीस?"

"तू मोजलीस ना," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून वर गेला.

आर्डिस तशीच पायरीवर बसली. गाडीचा आवाज वळणापर्यंत गेला, मग ऐकू येईनासा झाला, तरी ती बसून होती. ॲप्रनने डोळे पुसून मग उठली आणि बाक आवरायला लागली. भंगाराची बादली सोमवारी जाणार आहे. जाऊ दे आता.